कलेक्टरचा कागद आधी बघा

परवा मैत्रिणीचा फोन आला, तिच्या सहा वर्षांच्या मुलाचं एका सिरीयलसाठी सिलेक्शन झालंय, भयंकर खूश होती, विचारत होती कपडे किती घेऊ, डबा न्यायचा का तिथे जेवण असतं. मी म्हटलं ते सगळं सांगते पण आधी हे सांग, कलेक्टरची परमिशन काढलीय का त्यांनी? ती म्हणाली कसली परमिशन गं? दोन वर्षांपूर्वी मीपण हेच म्हणाले असते, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय.

माझी लेक सात वर्षांची असताना एका सिरीयलमध्ये होती. पहिल्या दिवशी कॉल टाइम सकाळी सातचा, म्हणजे आम्ही डोंबिवलीहून पहाटे पाचला निघालो. मेकअप, केस, कॉस्च्युम करून नऊला पोरगी तयार, आणि तिचा पहिला शॉट लागला दुपारी दीडला. तोवर फ्रॉक चुरगळेल म्हणून तिला नीट बसूही देत नव्हते. रात्री साडेआठला ती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, तेवढ्यात ईपी, म्हणजे शूटिंगचं सगळं बघणारा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आला, म्हणाला ताई एकच क्लोजअप राहिलाय, पाचच मिनिटं. आणि मी तिच्या तोंडावर पाणी मारून तिला उठवलं. मी, तिच्या आईने. कोणी जबरदस्ती केली नव्हती, पण नाही म्हटलं तर रोल जाईल ही भीती होती आणि ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

नियम मी नंतर वाचले, ते आधी वाचायला हवे होते. 2016 मध्ये बालकामगार कायदा बदलला आणि 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवायचं नाही असं ठरलं. सवलती दोनच, एक म्हणजे शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामात, घरच्या धंद्यात मदत आणि दुसरी कलाकार म्हणून सिनेमा, सिरीयल, जाहिरात, खेळ वगैरे. सर्कस त्यातूनही वगळलीय. म्हणजे सेटवर आपलं मूल उभं असतं ते या सवलतीमुळे, आणि ही सवलत फुकट नाही, तिच्या अटी 2017 च्या नियमांमध्ये लिहिलेल्या आहेत.

पहिली अट हा कागदच. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे कलेक्टरची परवानगी प्रोड्यूसरने काढायची, काम सुरू व्हायच्या आधी. जिथे शूटिंग तिथला जिल्हा हे लक्षात ठेवा, कारण गोरेगावच्या फिल्मसिटीत असाल तर मुंबई उपनगर, नायगावला सेट असेल तर पालघर, आणि सिरीयलवाले साताऱ्याला किंवा कोल्हापूरला गेले तर तिथलं ऑफिस. त्यासोबत फॉर्म सी मध्ये हमीपत्र द्यायचं, त्यात मुलांची यादी, आईवडिलांची संमती, आणि मुलांच्या सुरक्षिततेला प्रोडक्शनमधला नेमका कोण जबाबदार त्याचं नाव. असा एक माणूस जास्तीत जास्त पाच मुलांमागे. हे हमीपत्र सहाच महिने चालतं, त्यामुळे वर्षभर चालणाऱ्या सिरीयलला ते परत द्यावं लागतं, एकदा दिलं की झालं असं नाही.

तासांचं म्हणाल तर दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त शूटिंग नाही. माझं स्पष्ट मत आहे की मेकअपची खुर्ची आणि तयार होऊन ताटकळत बसणं हेही कामच, सात वर्षांच्या पोरीला शॉट आणि वाट बघणं यात फरक कळत नाही, ती दोन्हीत सारखीच दमते. त्यामुळे मी आता घड्याळ लावते ते गेटमधून आत शिरल्यापासून. शाळेचंही आहे, अभ्यासात खंड पडू नये म्हणून सोय करायची जबाबदारी प्रोड्यूसरची.

आणि पैसे. मिळकतीतले निदान 20 टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत जायला पाहिजेत, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळणार. थेट म्हणजे थेट, आपल्या खात्यातून फिरून नाही. अमेरिकेत चॅप्लिनबरोबर काम केलेला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याला कळलं की त्याने लहानपणी कमावलेले पैसे आई आणि सावत्र वडिलांनी जवळपास संपवलेत, तो कोर्टात गेला आणि त्यातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. मला वाचून खूप वाईट वाटलं कारण आमच्याकडेही पहिल्या चेकमधून घराचा हप्ता गेला होता. चेकही 90 दिवसांनी आला, ते वेगळंच. नंतर आम्ही ती सगळी रक्कम तिच्या नावाने टाकली.

यावर्षी एका जाहिरातीसाठी फोन आला तेव्हा मी कोऑर्डिनेटरला आधीच म्हटलं, दादा परमिशनची कॉपी व्हॉट्सअपवर टाका. तो म्हणाला ताई एका दिवसाचं काम आहे, त्याला कशाला. परत फोन आला नाही. लेक दोन दिवस रुसली होती, मी तिला खरं काय ते सांगितलं. दीड महिन्याने दुसरीकडून आला, त्यांनी न मागता पीडीएफ पाठवली, त्यात माझ्या लेकीसकट चार मुलांची नावं आणि जबाबदार बाईंचं नाव.

सेटवर त्या बाई खरंच होत्या. रडायचा सीन होता, लेक म्हणाली मला आज रडायचं नाहीये. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही हेही त्याच नियमांत आहे, पण मी सवयीने तिला समजवायला उठलेच होते. बाईंनी मला हाताने थांबवलं, डायरेक्टरशी जाऊन बोलल्या, आणि तो शॉट तिच्या पाठीमागून घेतला. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही घरी जायला निघालो.