किरण आला की आली?

शनिवार, रात्री उशिरा

बारसं आठवड्यावर आलंय आणि नावावरून घरात दोन तट पडलेत. दादाला बाळाचं नाव किरण ठेवायचंय, आमच्या धाकट्या काकांचं. वहिनीच्या आई इंदूरहून फोनवर म्हणाल्या, "अगं, किरण तर मुलीचं नाव! आमच्या गल्लीतल्या सगळ्या किरण बायकाच आहेत." त्यांचंही चूक नाही, तिकडे हिंदीत सूर्याची किरणही 'ती'च. बाळाचं मृग नक्षत्र, चौथा चरण, अक्षर 'की'. ऱ्हस्व-दीर्घ गुरुजी मनावर घेत नाहीत. म्हणजे ग्रहताऱ्यांची हरकत नाही, आहे ती माणसांची.

काकांना मात्र हे नाव जन्मभर पुरलं. लग्नपत्रिकांवर 'सौ. किरण' ठरलेलं. फोनवरची अनोळखी माणसं 'आहेत का', 'येतील का' एवढ्यावर भागवायची. 'आले' म्हणावं की 'आल्या' इथे त्यांची गाडी अडायची. मतदार यादीत तर फोटोत झुपकेदार मिशा आणि खाली लिंग: स्त्री. काकांनी दुरुस्तीचा अर्ज भरला. पुढच्या यादीत लिंग सुधारलं, फोटो भलत्याच बाईचा आला. ती यादी त्यांनी जपून ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला.

जेवताना सगळ्यांनी नावं आठवायला सुरुवात केली. किरण मोरे यष्टीमागे, किरण बेदी पोलिसांत. सुहास जोशी अभिनेत्री, सुहास पळशीकर राज्यशास्त्राचे अभ्यासक. आजीच्या पिढीत आळीत कमल नावाची बाई नाही असं व्हायचं नाही, आणि तिकडे कमल नाथ, कमल हासन. ज्योती म्हटलं की आपल्याला दोन वेण्यांची मुलगी दिसते. बंगालात १९७७ पासून २००० पर्यंत ज्योती बसू मुख्यमंत्री होते. शिखांनी तर हा घोळच ठेवला नाही. नाव एकच, पुढे सिंग किंवा कौर. हॉकीत हरमनप्रीत सिंग कर्णधार, क्रिकेटमध्ये हरमनप्रीत कौर, जिने २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत विश्वचषक उचलला.

आई इतका वेळ भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण शाळेत पोरं चिडवतील त्याला."

"आणि मुलगी असती तर?" मी विचारलं.

"मग काय! किरण बेदीचं नाव म्हणून मिरवलं असतं."

मला हेच खटकतं. मुलीला पोरासारखं वाटणारं नाव ठेवलं की घरात कौतुक, केवढी धडाडीची होणार म्हणून. मुलाला मुलीसारखं वाटणारं ठेवलं की बिचारा. त्यामुळे एखादं नाव मुलींकडे जरा जास्त गेलं की मुलांचे आईबाप ते सोडून देतात. आज कोण मराठी माणूस मुलाचं नाव सुमन ठेवेल? बंगाल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मुलाला बायकी नाव मुद्दाम द्यायची एक चाल मात्र आपल्याकडे होती. आजी सांगायची, ज्या घरात मुलगे दगावायचे तिथे नवा मुलगा झाला की नाक टोचून नथ घालायचे आणि नाव ठेवायचे नथू. यमाला वाटावं, ही मुलगी आहे, हिला काय न्यायचं! आजीला त्यात गंमत वाटायची. मला आता ऐकवत नाही. मुलगी यमाच्याही कामाची नाही, असा हिशोब होता तो. नकुशी हे नावही त्याच वहीतलं. साताऱ्यात २०११ साली जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली. काहींनी नवं नाव आपलं आपणच निवडलं. त्या पोरी आता बाया झाल्या असतील. त्यांच्यापुढे आमचा 'चिडवतील'चा प्रश्न म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरातला.

माझं मत किरणला. आत्या मीच, कानात कुर्रर्र करणारीही मीच, तेव्हा माझ्या मताला थोडं वजन आहे. काकांसारखा हसून घेणारा निघाला तर नावाचा त्रास होणार नाही, आणि रडका निघाला तर शौर्य नावाचंही पोरं काहीतरी करतातच.

मघाशी दादा जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन बसला होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव कसं लिहायचं ते ठरलेलंच आहे: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्याने कच्च्या कागदावर लिहून पाहिलं, 'किरण मनीषा...' आणि पेन खाली ठेवलं. "आता तर सगळे मुलगीच समजणार याला."

वहिनी बाळाला मांडीवर थोपटत होती. मान वर न करता म्हणाली, "समजू देत. त्यापायी माझं नाव गाळलंत तर बघा."