२०१९ की २०२२: आवृत्ती ठरवताना

व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंगच्या साधनाची २०१९ ची आवृत्ती ठेवावी की २०२२ ची घ्यावी, असा प्रश्न निघाला की बहुतेक जण दोन्हींची वैशिष्ट्ये ताडून पाहू लागतात. माझ्या मते आधी प्रकल्पातला सर्वांत जुना घटक कोणता ते पाहावे, कारण निर्णय बहुधा तोच करतो.

२०२२ ची ओढ मलाही होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेली ही व्हिज्युअल स्टुडिओची पहिली ६४ बिट आवृत्ती. त्याआधी मुख्य प्रोसेस ३२ बिट असल्यामुळे संगणकात कितीही मेमरी असली तरी तिला ४ जीबीपलीकडे जाता येत नसे, आणि शंभरावर प्रोजेक्ट असलेले आमचे सोल्यूशन (एकत्र उघडायचा प्रोजेक्टांचा संच) उघडून काम करताना दिवसातून एकदा तरी सगळे बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. तो त्रास संपला.

मात्र ज्या बदलाने ही सुटका केली, त्यानेच दुसरीकडे अडवले. आमच्या विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्यांमध्ये, एक ३२ बिट कंट्रोल (बटणासारखा तयार घटक) आहे, ज्याचा सोर्स कोड आता कोणाकडेच नाही. प्रोग्राम बिल्ड होतो, चालतोही. पण २०२२ मध्ये फॉर्म डिझायनरमध्ये, म्हणजे खिडकीची मांडणी करायच्या भागात, उघडला की समोर येते ते एररचे पान. डिझायनर ते कंट्रोल व्हिज्युअल स्टुडिओच्याच प्रोसेसमध्ये लोड करू पाहत होता, आणि ६४ बिट प्रोसेसमध्ये ३२ बिट डीएलएल (तयार कोडची फाइल) लोड होत नाही.

सी++ च्या भागात चूक माझीच झाली. जुने सोल्यूशन प्रथम उघडताना ‘रीटार्गेट’ करायचे का, म्हणजे नव्या आवृत्तीच्या साधनांकडे वळवायचे का, असे विचारणारी खिडकी आली आणि मी न वाचता ‘ओके’ म्हटले. प्रोजेक्ट फाइलमध्ये टूलसेट (कंपायलर आणि त्याची साधने) २०१९ च्या व्ही१४२ चा २०२२ चा व्ही१४३ झाला, बदल कमिटही झाला, आणि बिल्ड सर्व्हरवर, जिथे २०१९ च होते, टूलसेट सापडत नसल्याची एमएसबी८०२० ही एरर येऊन सगळ्यांचे बिल्ड थांबले.

शेवटी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. सी++ चे काम २०२२ मध्ये होते, पण इन्स्टॉलरमधून व्ही१४२ वेगळा घेऊन, म्हणजे कंपायलर जुना आणि संपादक नवा. फॉर्म्सपुरते २०१९ उघडतो. २०१९ चा मुख्य सपोर्ट एप्रिल २०२४ मध्ये संपला असून सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२९ पर्यंत मिळणार आहेत, तेव्हा ते कंट्रोल नव्याने लिहिण्यासाठी आमच्या हाती तेवढीच मुदत आहे. तोवर रिपॉझिटरीतल्या रीडमीच्या पहिल्याच ओळीत मी लिहून ठेवले आहे: रीटार्गेटच्या खिडकीत ‘नो अपग्रेड’ निवडावे.