चौघांत एक डिस्क

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. कोणत्या गेमची डिस्क कोणाकडे आहे, ती कोणत्या तारखेला गेली आणि कधी परत आली, याची नोंद आम्ही चार मित्र कित्येक वर्षे तिच्यात ठेवत आलो आहोत. मी सांगलीच्या विश्रामबागेत राहतो, एक मित्र तिथल्याच खणभागात, एक मिरजेला आणि एक तासगावला. मार्केट यार्डातील अडत दुकानात हिशेबाचे काम करून माझा महिना चालतो; ४,९९९ रुपयांचा गेम एकट्याने घेणे मला जड जाते, चौघांत मिळून घेतला तर जात नाही. सोनीचा प्लेस्टेशन श्रेष्ठ की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, टीव्हीला जोडून गेम खेळायच्या या दोन यंत्रांच्या, म्हणजे कन्सोलच्या, वादात मला कोणी ओढले, तर मी या वहीच्या बाजूने बोलतो.

जून २०१३ मध्ये ही वही जवळजवळ बंद पडणार होती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी आखलेल्या धोरणात कन्सोल दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडणे सक्तीचे होते आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधने होती. १० जूनला सोनीने आपल्या डिस्कवर असे कोणतेही बंधन नसल्याचे जाहीर केले, आणि ‘गेम मित्राला कसा द्यायचा’ हे दाखवणारी काही सेकंदांची चित्रफीतही प्रसिद्ध केली: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्कची डबी देतो, बस. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने ते धोरण मागे घेतले. सोनीने हे आपल्यावरील प्रेमापोटी केले, असे मी मानत नाही. समोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता आणि त्याची चूक तिला दिसली, एवढेच पुरेसे होते. पण त्या नऊ दिवसांमुळे मिरजेहून तासगावला डिस्क पाठवण्याचा आमचा हक्क शाबूत राहिला.

किमतींचेही तसेच होते. २००६ साली अमेरिकेत प्लेस्टेशन ३ ची सुरुवातच ४९९ डॉलरपासून होती, तर एक वर्ष आधी आलेला एक्सबॉक्स ३६० हा २९९ आणि ३९९ डॉलरला मिळत होता. २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ देखील २९९ डॉलरवर आला. थोडे थांबले की कन्सोल स्वस्त होतो, हा हिशेब आमच्यासारख्यांनी त्या काळात मनाशी पक्का केला होता.

आता तो हिशेब उलटला आहे. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला डिस्कचा प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचा झाला. अमेरिकेत एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२५ या एकाच वर्षात ४९९ वरून ५९९ आणि नंतर ६४९ डॉलरवर गेला. चिप पूर्वीसारख्या झपाट्याने स्वस्त होत नाहीत, रुपया घसरतो, अमेरिकेने आयात शुल्क वाढवले, ही कारणे खरी आहेत. तरीही ग्राहक पळवून नेणारा कोणी समोर असता, तर या वाढीचा काही भाग तरी कंपन्यांनी स्वतः सोसला असता, असे माझे ठाम मत आहे. मायक्रोसॉफ्टने ६,८७० कोटी डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि आज मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम प्लेस्टेशनवर येऊ लागले आहेत. एक्सबॉक्सची ओळख असलेला ‘हॅलो’ हा गेमसुद्धा येणार असल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले. एका कन्सोलवर दोघांचे गेम खेळता येणे ही सोय आहे, हे मी नाकारत नाही. मात्र २०१३ सारखा प्रसंग पुन्हा आला, तर या वेळी कोण कोणाला माघार घ्यायला लावील?

मोठ्या खर्चाच्या गेमविषयीची माझी तक्रार याला जोडूनच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांतून सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर लागल्याचे उघड झाले. एवढा पैसा गुंतला की नवे काही करून पाहण्याची हिंमत उरत नाही, आणि चाललेल्याची नक्कल करावी, तर तीही बुडते. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पुढे तो बनवणारा स्टुडिओही बंद करण्यात आला. त्या लोकांची अनेक वर्षांची मेहनत दोन आठवड्यांत नाहीशी झाली, याचे मला आजही वाईट वाटते. उलट फ्रान्समधील सँडफॉल या स्टुडिओच्या तीसेक जणांच्या मुख्य चमूने, बाहेरच्या सहकाऱ्यांची मदत घेऊन, २०२५ मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’ हा गेम ५० डॉलरला दिला आणि वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान मिळवला. आमच्या वहीत त्याच्या नावापुढे चौघांच्याही दोन-दोन पाळ्या आहेत.

डिस्कचा आग्रह हा जुन्या काळाचा मोह आहे, असे तासगावचा मित्र कधी कधी म्हणतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खणभागातील मित्राच्या घरात पाणी शिरले, तेव्हा तो कुटुंबासह आमच्याकडे आला. कागदपत्रांच्या पिशवीतच त्याने चौघांच्या सामाईक डिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणल्या होत्या. वीज परत आली तरी ब्रॉडबँड बरेच दिवस बंद होते, आणि त्या दिवसांत त्याचा मुलगा त्याच डिस्कवर संध्याकाळ काढत असे. इंटरनेटशिवाय न चालणारा गेम त्या घरात कोणाच्याच उपयोगी पडला नसता.

प्रौढांसाठीच्या ‘जीटीए’ मालिकेतील पुढच्या गेमसाठी, ‘जीटीए ६’ साठी, १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ चा, म्हणजे मधे तेरा वर्षे गेली. डिस्क निघाली, तर किंमत काहीही असो, आम्ही तिचे चार भाग करणार आहोत. वहीत त्यासाठी एक पान कोरे ठेवले आहे आणि पहिली पाळी खणभागातल्या मित्राची, हे ठरले आहे. त्याचा मुलगा आता अठरा वर्षांचा झाला आहे.