नागपुरात लसूण लावायचा तर दसरा-दिवाळीच्या मधेच

नागपुरात घरच्या लसणाचे गड्डे बोराएवढे राहतात, त्याचं खापर बहुतेकदा बियाण्यावर किंवा खतावर फुटतं. खरं कारण तारीख असते. दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊन तापायला लागलं की लसूण गड्डा भरायला घेतो. तोवर रोपाला किती पानं आली आहेत, याची तो वाट पाहत नाही. डिसेंबरात लावलेल्या रोपाला फेब्रुवारीत जेमतेम चार-पाच पानं असतात आणि तेवढ्यावरच गड्डा बांधायला सुरुवात होते. सप्टेंबरात घाई केली, तर परतीच्या पावसात पाकळ्या कुजतात.

म्हणून १० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. कोजागिरीला लावा, असं सांगायची पद्धत आहे. पण अधिक मासाच्या वर्षी कोजागिरी पुढे सरकते, थंडी सरकत नाही. पीक १२० ते १३५ दिवसांचं. २० ऑक्टोबरला लावलं तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काढणी होते. २० नोव्हेंबरला लावलं तर मार्चचा शेवट उजाडतो, म्हणजे अवकाळी आणि गारपीट डोक्यावर.

बियाणं म्हणून गोदावरी, श्वेता, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा पर्पल, भीमा ओंकार या जाती चालतात. नाही मिळाल्या तर कॉटन मार्केटमधला साधा गावरान लसूणही चालेल, फक्त तो मार्च-एप्रिलमध्ये निघालेला, कडक आणि टपोरा हवा. बोटाएवढ्या पाकळ्यांचा डोंगरी लसूण मोहात पाडतो, पण त्याला आपल्याकडच्या हिवाळ्यापेक्षा मोठा दिवस लागतो. इथे त्याची नुसती पात वाढते.

लावण्याआधी एक पाकळी उभी चिरून बघायची. आतला हिरवा कोंब पाकळीच्या निम्म्याहून वर आला असेल तर बियाणं जागं झालं आहे. कोंब टाचणीच्या डोक्याएवढा असेल, तर महिनाभर उगवणीची वाट पाहावी लागते.

आपली काळी माती लसणाला फारशी मानवत नाही. ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. टोपलीभर रेती मिसळून तिचा स्वभाव बदलत नाही. त्यापेक्षा जमिनीपासून १५ सेंमी उंच गादीवाफा करा आणि दर चौरस मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. सुपर फॉस्फेटमधल्या गंधकाने लसणाला तिखटपणा येतो. गच्चीवर आठ इंच खोल कुंडी पुरते. सहा तास ऊन मात्र हवंच; संत्र्याच्या झाडाखाली लसूण लावू नये.

गड्डे लावायच्या दिवशीच फोडा, साल काढू नका. बाहेरच्या थरातल्या जाड पाकळ्या निवडा. १० सेंमी अंतराने चौरस मीटरमध्ये १०० पाकळ्या बसतात, त्यासाठी नऊ-दहा गड्डे लागतात. बूड खाली, टोक वर, टोकावर दोन सेंमी माती. उलटी लागलेली पाकळीही उगवते, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि मान वाकडी होते. आतल्या बारक्या पाकळ्या एका पसरट कुंडीत दाटीने खोचायच्या. महिन्याभरात त्यांची पात वांग्याच्या भरितात पडते. एवढ्यासाठीही कुंडी राखून ठेवावी!

पहिलं पाणी लावल्याबरोबर, दुसरं तिसऱ्या दिवशी, पुढे काळ्या मातीत आठ-दहा दिवसांनी. लावताना चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, मग तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी सहा-सहा ग्रॅम. साठ दिवसांनंतर नत्र पूर्ण बंद. उशिरापर्यंत युरिया मिळाला की गड्ड्यातल्या पाकळ्यांनाच कोंब फुटतात आणि मानेच्या बगलेतून पातीचा झुबका निघतो.

पानांवर चंदेरी रेघा दिसल्या तर मधलं पान अलगद उघडून बघा. बेचक्यात पिवळसर, सुईच्या टोकासारखे फुलकिडे सरपटताना दिसतील. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारायचं, तेही थेट बेचक्यात. नुसतं वरून शिंपडून काही होत नाही. जानेवारीत ढगाळ हवा आणि पाऊस आला की पानांवर जांभळट डागांचा करपा येतो. डागाळलेली पानं लगेच काढा आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी द्या.

गड्डा भरताना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, वाफा एकदा कोरडा आणि एकदा तुडुंब असं झालं तर गड्डे फुटतात. पानं पिवळी पडून माना लवल्या की काढणीपूर्वी पंधरा दिवस पाणी तोडा. मग माती दगड होते, त्यामुळे पात धरून ओढू नका, मान हातात येते. बाजूने सब्बल घालून ढेकूळ उचला. पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. मार्चच्या उन्हात गड्डे भाजतात. वीस-वीसच्या जुड्या बांधून हवेशीर ठिकाणी टांगल्या की चौरस मीटरला साधारण किलोभर लसूण हाती येतो. त्यातले सर्वांत मोठे दहा गड्डे स्वयंपाकघरात जाण्याआधीच वेगळ्या जुडीत बांधा, पुढच्या ऑक्टोबरचं बियाणं तेच.