फोनचा रिव्ह्यू निष्पक्ष आहे का, ते चाचणीच्या अटींत बघा

चार गुण लिहिले, त्याला चार दोष जोडले, की रिव्ह्यू समतोल झाला असं अनेकांना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारा) कॅमेरा नावापुरता आहे आणि भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, हे दोन दोष एका वजनाचे कसे? पहिला कुणाच्या लक्षातही येत नाही, दुसरा रोज छळतो. न्याय होतो तो सगळे फोन एकाच अटींवर तपासले आणि त्या अटी वाचकाला सांगितल्या तरच.

बॅटरीचंच घ्या. ब्राइटनेसचा स्लायडर सगळ्या फोनवर ५० टक्क्यांना ठेवला म्हणजे तुलना झाली असं नाही, कारण प्रत्येक स्क्रीनचे ५० टक्के वेगळे. ऑटो ब्राइटनेस बंद करून, पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर मीटर लावून सगळे फोन २०० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या प्रकाशाचं माप) आणावेत. रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रंगते तो आकडा) सारखा, वाय-फाय तेच, सिम एकाच कंपनीचं. नव्या फोनमध्ये पहिले एक-दोन दिवस फोटो आणि अ‍ॅप्सचं सिंकिंग मागे चालू असतं; तेव्हाचा बॅटरीचा आकडा धरूच नये.

परफॉर्मन्समध्ये फसगत जास्त होते. २०१३ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस४च्या एक्सिनॉस (सॅमसंगचीच चिप) मॉडेलचा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सचा प्रोसेसर, ठरावीक बेंचमार्क अ‍ॅप्ससाठी (वेग मोजून स्कोअर देणारी अ‍ॅप्स) ५३३ मेगाहर्ट्झवर धावताना सापडला. गेम्सना ४८० मिळत होते. २०२२ मध्ये गीकबेंच या बेंचमार्क अ‍ॅपने गॅलेक्सी एस१० ते एस२२ या मालिका आपल्या स्कोअरच्या यादीतून काढल्या, कारण सॅमसंगची गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस इतर अ‍ॅप्सचा वेग आवळत होती आणि बेंचमार्कला मोकळं सोडत होती. म्हणून एका स्कोअरवर निकाल देऊ नये. थ्रीडीमार्क या बेंचमार्क अ‍ॅपच्या वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्टमध्ये एक-एक मिनिटाच्या २० फेऱ्या असतात. त्यातली 'स्टॅबिलिटी' म्हणजे सर्वांत कमी स्कोअर भागिले सर्वांत जास्त. मुळात संथ असलेला फोनही इथे ९९ टक्के मिळवून जातो, तेव्हा टक्केवारीसोबत दोन्ही स्कोअर द्यायलाच हवेत. खोलीचं तापमानही लिहा. एसीत २४ अंशांवर घेतलेला आकडा नागपूरच्या मे महिन्यात टिकत नाही.

परदेशी रिव्ह्यू वाचताना मॉडेल तपासा. गॅलेक्सी एस२४ भारतात एक्सिनॉस २४०० वर आला, अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ या क्वालकॉमच्या चिपवर. तिथले बॅटरीचे आणि तापण्याचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

फोन कंपनीने दिला की विकत घेतला, परत करायचा आहे का, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, हे सुरुवातीलाच यावं. पैसे घेतले असतील तर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहावं. एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची इन्फ्लुएन्सर नियमावली २०२१ पासून तेच सांगते.

आणि किंमत. एका फोनला बँकेच्या कार्डाची सूट धरून दुसऱ्याला बॉक्सवरची एमआरपी लावली, तर वरची सगळी मोजमापं फुकट जातात. दोन्ही किमती एकाच दिवशीच्या, सूट न धरता घ्याव्यात आणि तारीख सोबत द्यावी.