सँट्रोचा बोजा

विमा भरायला म्हणून जूनच्या शेवटी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीनवर दोन गोष्टी एकदम दिसल्या. नोंदणीची मुदत १२ ऑगस्ट २०२४ ला संपत होती. आणि त्याखाली, बारा वर्षांपूर्वी फेडून मोकळ्या झालेल्या कर्जाच्या बँकेचं नाव अजून ठाण मांडून बसलं होतं.

गाडी म्हणजे बाबांची ह्युंदाई सँट्रो झिंग. २००९ ची, पेट्रोल, चंदेरी. मी पुण्यात, आई-बाबा आणि गाडी खंबाटकी घाटाच्या पलीकडे, गावी. बाजार, दवाखाना, सणावाराला माझ्याकडे, एवढीच तिची पळापळ. पंधरा वर्षांत मीटरवर जेमतेम ८१ हजार किलोमीटर.

भाऊ म्हणाला, भंगारात द्या, नव्या गाडीवर थोडी सूट तरी मिळेल. बाबा ७८ वर्षांचे. त्यांनी एवढंच विचारलं, "हिला काय झालंय?" यावर भावाकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. म्हणून नोंदणीचं नूतनीकरण करायचं ठरलं आणि घरात सगळ्यात मोकळी मीच आहे असा सगळ्यांचा समज असल्यामुळे काम माझ्याकडे आलं.

ही बाबांची दुसरी सँट्रो. पहिली त्यांनी १९९९ मध्ये घेतली तेव्हा मी नववीत होते. गावात गाडी म्हणजे मारुती ८००. टाटांची इंडिका नुकतीच आली होती, तिचंही कौतुक होतं. कोरियाची गाडी म्हटल्यावर बाबांच्या ऑफिसातले लोक हसले. "साहेब, कोरियाचा टीव्ही घ्या, गाडी कशाला?" त्यातून सँट्रोचा तो उभट आकार. कोणी काडेपेटी म्हणे, कोणी पिठाचा डबा. कोरियात ॲटॉस नावानं निघालेल्या या गाडीचं रूप भारतात आणताना कंपनीनं पुढून बरंच बदललं होतं, तरी ही अवस्था. शाहरुख खान जाहिरातीत होता म्हणून पोरांना तेवढी आवडायची.

बाबांनी घेतली ती आजीमुळे. आजी नऊवारी नेसायची आणि गुडघे गेलेले. मारुतीत बसायचं म्हणजे तिला आधी वाकायचं, मग खाली बसायचं, मग पाय आत घ्यायचे. सँट्रोत ती खुर्चीवर बसावं तशी बसली, डोकं कुठं आपटलं नाही, पदर दारात अडकला नाही. बाबांनी तिथंच चेक फाडला.

वर्षभरात देवू उद्योगसमूह कर्जात बुडाल्याच्या बातम्या आल्या. सिएलो आणि मॅटिझवाली देवू. गावातले दोघं-तिघं बाबांना भेटायला आले, चेहरे मयताला आल्यासारखे. बाबा समजावत राहिले की बुडाली ती वेगळी कंपनी, आपली वेगळी. देवूनं इथं डीसीएम या भारतीय कंपनीशी हातमिळवणी केली होती. ह्युंदाईनं १९९६ मध्ये इथं कंपनी काढली ती पूर्ण स्वतःच्या मालकीची आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला कारखाना बांधला. कोणाला पटलं नाही. कोरिया म्हणजे कोरिया. त्या नावावर बसलेला संशय उतरायला आमच्या गावात चांगली चार-पाच वर्षं लागली. २००९ मध्ये बाबांनी पुन्हा सँट्रोच घेतली तेव्हा मात्र कोणी काही बोललं नाही, कारण तोवर गल्लीत आणखी तीन होत्या.

तर, नूतनीकरण. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५. मुदत उलटली की मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये दंड. माझ्या हातात सहा आठवडे होते. आरटीओच्या खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आधी बोजा उतरवा. नाहीतर बँकेचं संमतीपत्र आणा." सातबाऱ्यावरचा बोजा मला माहीत होता, गाडीवरही तोच शब्द चालतो हे तिथं कळलं.

बाबा खूश झाले. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि त्यातून २०१२ चं बँकेचं ना-हरकत पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडता. "कर्ज फिटलं की कागद हातात पाहिजे," ते म्हणाले. त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: नव्वद दिवसांसाठी वैध. बारा वर्षं त्यांनी तो जपला होता आणि तो कधीच आरटीओत द्यायचा राहून गेला होता. मी त्यांना काही बोलले नाही. आई बोलली.

बँक हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात लांबलेला भाग, आणि सांगण्यासारखं त्यात फारसं नाही. शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. जुना कर्ज खाते क्रमांक नव्या प्रणालीत सापडेना. पहिल्या दिवशी अर्ज, दुसऱ्या खेपेला "बाबांना स्वतः यावं लागेल", तिसऱ्या खेपेला बाबा आले तर साहेब रजेवर. चौथ्या खेपेला पत्र तयार होतं, पण गाडीच्या नंबरात एक आकडा चुकलेला. पाचव्या खेपेला मिळालं, फॉर्म ३५ च्या, म्हणजे बोजा उतरवायच्या अर्जाच्या, दोन प्रतींवर शिक्क्यासह. एकवीस दिवस गेले.

त्या बाकड्यावर बसून मी मोबाइलवर या कंपनीची कुळकथा वाचून काढली, आणि ती कर्जापासूनच सुरू होते. संस्थापक चुंग जू-युंग, जन्म १९१५, आता उत्तर कोरियात असलेल्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी गाय विकून आलेले ७० वॉन उचलून घरातून पळाला. सोलमध्ये तांदळाच्या दुकानात पोती पोचवायचं काम केलं. १९४० मध्ये उसनवारीवर मोटारदुरुस्तीचं गॅरेज घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते गिऱ्हाइकांच्या गाड्यांसकट जळून गेलं. मग त्याच सावकाराकडून पुन्हा पैसे घेऊन पुन्हा उभं केलं. मोटार कंपनी निघाली १९६७ मध्ये. आधी फोर्डची कॉर्टिना जोडायची, मग १९७५ मध्ये स्वतःची पोनी: आराखडा इटलीच्या जुजारोचा, इंजिन मित्सुबिशीचं, आणि हे सगळं जुळवून आणायला ब्रिटिश लेलँड सोडून आलेला जॉर्ज टर्नबुल. स्वतःची म्हणायची ती एवढीच. पण आमच्याकडे तेव्हा ॲम्बेसेडर आणि फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागत होतं, त्यामुळे हसायचा अधिकार आपल्याला नाही.

मला त्यातलं सगळ्यात रुतलं ते अमेरिकेचं प्रकरण. १९८६ मध्ये एक्सेल नावाची गाडी तिथं नेली, किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गेल्या. मग गाड्या बिघडायला लागल्या, गंजायला लागल्या, आणि ह्युंदाई हे नाव टीव्हीवरच्या विनोदाचं झालं. पुढे गाड्या सुधारल्या तरी विनोद थांबेनात. शेवटी १९९८ मध्ये कंपनीनं तिथं इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैल अशी हमी जाहीर केली, म्हणजे उद्या काही झालं तर आमच्या खिशातून. २००४ मध्ये जे. डी. पॉवर या अमेरिकेतल्या पाहणी कंपनीच्या नव्या गाड्यांच्या दर्जाच्या पाहणीत तिनं टोयोटालाही मागे टाकलं. बदनामीचं कर्ज कंपनीनं फेडलं बऱ्याच आधी असणार, लोकांच्या मनातली नोंद उतरायला एवढा काळ गेला. समोरच्या खिडकीत माझं पत्र अडकलेलं होतं, त्यामुळे मला हे जरा जास्तच पटलं.

मधल्या दिवसांत गाडी मिस्त्रींकडे. मागच्या चाकाच्या कमानीला गंज होता, कारण आमच्याकडे ती पंधरा पावसाळे चिंचेखाली उभी. तेवढा पत्रा कापून नवा जोडला, रंग मारला. हेडलाइट पिवळे पडले होते ते घासून घेतले. पुढचे दोन टायर, वायपरच्या पट्ट्या, हॉर्न. मिस्त्री गेली तीस वर्षं सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या उघडतायत, त्यामुळे त्यांचं मत ऐकण्यासारखं असतं. "ताई, सँट्रोचं इंजिन खराब करायला कष्ट घ्यावे लागतात. ऑइल वेळेवर बदला, बस. एसी तर आजपण बर्फ. पण पत्रा बघा," असं म्हणून त्यांनी दारावर बोटानं टिचकी मारली, "आणि पार्ट मारुतीपेक्षा दोन पैसे महागच."

मी त्यांना जळालेल्या गॅरेजची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं काय केलं?" पैसे भरले म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग मी गायींचंही सांगितलं. १९९८ मध्ये, म्हणजे सँट्रो भारतात आली त्याच वर्षी, ८२ वर्षांचा हा म्हातारा जूनमध्ये ५०० गायीगुरं ट्रकांत भरून सीमा ओलांडून उत्तर कोरियात गेला आणि ऑक्टोबरात आणखी ५०१ घेऊन गेला. एकूण एक हजार एक. एक गाय वडिलांची, बाकीचं व्याज. मिस्त्री म्हणाले, "व्याज जरा जास्तच लागलं," आणि पुन्हा गाडीखाली गेले.

बोजा एकदाचा ५ ऑगस्टला उतरला. मधे आणखी एक गंमत झाली: ओटीपी बाबांच्या जुन्या नंबरावर जात होता, जो नंबर ते सहा वर्षांपूर्वी सोडून बसलेत. आधार केंद्रात ५० रुपये भरून नवा नंबर जोडला. मग पीयूसी, विमा, फॉर्म २५. नूतनीकरणाचे ५,००० (२०२२ च्या एप्रिलपासून हा दर आहे, आधी ६०० होता), पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००, कार्डाचे २००. दलालानं बाहेर याच्यावर चार हजार मागितले होते. मी ते वाचवले, पण माझ्या सुट्ट्या कोणी मोजल्या तर दलालच स्वस्त पडला असता.

तपासणीची तारीख ९ ऑगस्टची मिळाली. सकाळी दहाला मैदानावर रांग: दोन मारुती ८००, एक इंडिका, बोलेरो, आणि आमच्यासकट तीन सँट्रो. म्हातारी माणसं आणि त्यांच्या म्हाताऱ्या गाड्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, जणू दातांच्या डॉक्टरकडे आलेत. बाबा हट्टानं स्वतः आले होते. पुढच्या सँट्रोचे मालक निवृत्त शिक्षक. पाच मिनिटांत दोघं जुने मित्र असल्यासारखे बोलायला लागले.

"घाटात एसी बंद करावा लागतो का तुमचा?"

"कधीच नाही. तुमचा?"

"दुसऱ्या गिअरवर थोडी रडते. मी म्हणतो रड बाई, वय झालंय."

८०० वाले गृहस्थ मध्ये पडले. तुमची गाडी शहरात तेरा-चौदा देते, आमची सतरा-अठरा, आणि आमचा मिस्त्री कुठल्याही वाडीत सापडतो. हे खरंच होतं, म्हणून दोन्ही सँट्रोवाले एकदम म्हणाले, "पण पाय कुठं ठेवता?" गुरुजींचा मुलगा नवी क्रेटा घेऊन आला होता. तिच्यात सगळं पडद्यावर, काच वर-खाली करायला तेवढं बटण उरलंय, असं ते म्हणाले. अभिमान होता की तक्रार, कळलं नाही. मी तळेगावचं सांगितलं: जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना २०२३ मध्ये ह्युंदाईनं विकत घेतला. तिथं पूर्वी शेव्हरले स्पार्क बनायची, आणि स्पार्क म्हणजे मूळची देवूची मॅटिझच. बाबा क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे तेव्हा लोक दोन्ही कंपन्यांची गल्लत करत होते ते अगदीच चूक नव्हतं."

निरीक्षक तरुण होते. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, सीट बेल्ट. चेसिस नंबर दिसेना. मिस्त्रींनी बाकी सगळं चकचकीत केलं होतं, नेमकी तेवढीच पट्टी तेल आणि धुळीनं माखलेली. बाबांनी खिशातला रुमाल काढला, घासून घासून अंक वर आणले, मग कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घेतला. हात थरथरत होता, ठसा मात्र स्वच्छ आला. निरीक्षकांनी एक चक्कर मारायला सांगितली. बाबांनीच मारली. परत येऊन त्यांनी गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधे उभी केली आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

मुदतीच्या तीन दिवस आधी काम झालं. कार्ड टपालानं यायला महिना लागला. आईनं फोनवर वाचून दाखवलं: वैधता ऑगस्ट २०२९. बाबांनी तिच्या हातातून ते घेतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी विचारलं, काय बघताय?

"बँकेचं नाव. नाहीये," ते म्हणाले. आणि आईला सांगितलं की ते २०१२ चं पत्र मात्र फेकू नकोस, पुन्हा फाइलमध्ये ठेव.