दोन नंबरचा कोड आणि माझे सात हेलपाटे

रबाळे एमआयडीसीतली आमची कंपनी बंद झाली तेव्हा कॉइल वाइंडिंगची मशीनं आम्हीच पुसली, बबलरॅप गुंडाळून खोक्यांत भरली. खोक्यांवर निळ्या स्प्रेनं ‘हायफाँग’ लिहिलेलं. चौदा वर्षं ज्या मशीनवर बसले ती निघाली व्हिएतनामला आणि मी दिघ्याला, घरी.

हिशेब सरळ झाला. दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार, नोटिशीचा एक महिना, ग्रॅच्युइटी, सगळं खात्यात आलं. पीएफनंही छळलं नाही. छळलं ते ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, बेकारी भत्त्यानं.

असा भत्ता असतो हेच मुळात लाइनवरच्या निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं. पगारातून पाऊण टक्का कापतात तो दवाखान्यापुरता, असंच आम्ही धरून चाललेलो. पण २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली आणि निदान दोन वर्षं वर्गणी भरलेली असली, तर २४ महिने भत्ता मिळतो. पहिले १२ महिने सरासरी मजुरीच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. शिवाय तेवढे दिवस घरच्यांचा दवाखाना चालू. आमच्या ह्यांच्या शुगरच्या गोळ्या तिथूनच येतात, म्हणून माझा जीव जास्त त्यातच अडकलेला.

कागद घेऊन ईएसआयच्या शाखेत गेले. खिडकीतल्या साहेबांनी माझा नंबर टाकला आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. शेवटच्या महिन्यासमोर कारणाच्या रकान्यात २.

“तुम्ही स्वतःहून सोडलंय. लेफ्ट सर्व्हिस.”

मी रिट्रेंचमेंटचं, म्हणजे कपातीचं, पत्र काचेला लावून धरलं. त्यांनी वाचलं, मान हलवली. “पत्र बरोबर आहे हो. पण सिस्टीममध्ये दोन आहे. रिट्रेंचमेंटला दहा लागतो. मालकाकडून पत्र आणा.”

मालक कुठाय? गेटवर एक वॉचमन आणि त्याचं कुत्रं. एचआरच्या मॅडमचा फोन बंद. कंपनीचं ईएसआयचं चलन भरणारा कन्सल्टंट ठाण्याला, स्टेशनजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. म्हणून ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाणे. तो म्हणाला, “सगळ्यांना दोनच टाकतो आम्ही, सवयच आहे. आता चलन भरलं, आमच्याकडून नाही बदलत. ईएसआयवाल्यांनाच सांगा.” सवय! चौदा वर्षं आठला पाच कमी असताना पंच करायची ती माझीही सवयच होती.

परत शाखा. साहेब म्हणाले, कन्सल्टंटचं नको, कंपनीच्या लेटरहेडवर पाहिजे. परत ठाणे. तो म्हणाला, लेटरहेड माझ्याकडे कसं असेल, ताई? पाचव्या वेळेला खिडकीत दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रेमानं सुचवलं, “कशाला भांडताय? अटलचा फॉर्म भरा, मोकळ्या व्हा.” अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतही ५० टक्केच मिळतात, पण जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. माझी सरासरी मजुरी रोजची ६४० निघत होती, म्हणजे भत्ता ३२०. नव्वद दिवस कुठे आणि चोवीस महिने कुठे! मी नाही म्हटलं, जरा जोरातच म्हटलं, मागची रांग बघायला लागली.

शेवटी सुटलं ते सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे. साध्या कागदावर अर्ज लिहिला, पत्राची झेरॉक्स जोडली. त्यांनी कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसला आणि कन्सल्टंटला पत्र धाडलं. अकराव्या दिवशी, महिनाभर फोन न उचलणाऱ्या त्याच कन्सल्टंटचा फोन, “ताई, लेटरहेड आलंय, घेऊन जा.” सातव्या हेलपाट्याला दोनाचे दहा झाले. खिडकीसमोर बराच वेळ नुसती उभी होते.

हे आधी सांगायला हवं होतं: कुठलाही कागद देताना आपल्या झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घ्या. “अर्ज आलाच नाही” हे मला दोनदा ऐकवलंय, दुसऱ्यांदा मी शिक्का दाखवला. आणि नोकरी सुटल्यावर लगेच ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या नंबरानं शिरून शेवटच्या महिन्यांच्या नोंदी बघा. कंपनी चालू असतानाच चूक पकडली तर तिथंच मिटते.

माझा भाचा म्हणतो, अमेरिकेत १९७४ च्या व्यापार कायद्याखाली ‘काम परदेशात गेलं’ या कारणासाठी वेगळी मदत होती, १ जुलै २०२२ पासून तिथंही नवी मंजुरी बंद. आपल्या फॉर्मवर तसा रकानाच नाही. व्हिएतनाम असो नाहीतर वापी, दहा म्हणजे दहा.

पॅकिंगच्या दोघी मात्र अडकल्या त्या अडकल्याच. पन्नास हजार जास्त मिळतात म्हणून त्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली होती. स्वेच्छानिवृत्तीला हा भत्ता नाही. त्यातली एक माझ्याच चाळीत राहते. माझा भत्ता जमा झाल्याचा पहिला मेसेज आला त्या दिवशी मी पेढे आणले, तिच्याकडे मात्र संध्याकाळी गेले, तेही नुसती भाजी घेऊन.